पाण्याने वाळीत टाकलेले

लोणी कढायला ठेवलं की सुरुवातीला पातेलं नुसतं तडतडत असतं. फेस वर येतो, बुडबुडे फुटतात. हा सगळा गोंधळ पाण्याचा. चांगल्या लोण्यातसुद्धा शंभरात पंधरा-सोळा भाग पाणी असतं आणि ते उडून जाईपर्यंत पातेल्याचं तापमान शंभर अंशांच्या आसपास अडून राहतं, गॅस कितीही मोठा करा. पाणी संपलं की आवाज बसतो, फेस बारीक होतो आणि तापमान भराभर ११०-११५ अंशांकडे चढतं. तळाची बेरी सोनेरी व्हायला लागते, कारण दुधातली साखर आणि प्रथिनं यांची आपसात अभिक्रिया सुरू झालेली असते. गॅस बंद करायची वेळ हीच. १२० अंशांच्या पुढे बेरी करपते आणि तुपाला जळका वास लागतो. फार आधी उतरवलं तर आत पाणी राहतं, आणि पाणी राहिलेलं तूप टिकत नाही.

गाळलेल्या तुपाकडे बघून एक हिशेब मांडता येतो. दुधातली साखर गेली, क्षार गेले, प्रथिनं ताकात आणि बेरीत अडकली, पाणी उडालं. पाण्याला धरून राहणारं जे जे होतं ते विरजणापासून कढवण्यापर्यंत कुठे ना कुठे गळालं, उरलं ते तूप. लिपिडांची व्याख्याही अशीच वजाबाकीची आहे. प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळ्या, डीएनए म्हणजे न्यूक्लिओटाइडांची साखळी, कर्बोदकं म्हणजे शर्करा. या सगळ्यांना स्वतःची अशी एक ठरलेली बांधणी आहे. लिपिडांना ती नाही. पाण्यात विरघळत नाही, पण ईथर, क्लोरोफॉर्म, हेक्झेन असल्या द्रावकांत विरघळतं, ते लिपिड. त्यामुळे तूप, मेण, कोलेस्टेरॉल, गाजराचा केशरी रंग आणि ‘ड’ जीवनसत्त्व अशी एकमेकांशी जेमतेम ओळख असलेली मंडळी एका पंगतीला येऊन बसतात. व्याख्या म्हणून हे जरा आळशीपणाचं वाटतं खरं. पण शरीराच्या बाजूने पाहिलं तर तिच्याइतकी नेमकी व्याख्या नाही, कारण लिपिडं जी कामं करतात ती बहुतेक सगळी या एका नकारातून निघतात.

आणि नकार तेलाचा नसतो, पाण्याचा असतो. तेल पाण्याला घाबरतं, दूर पळतं असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात तेलाच्या आणि पाण्याच्या रेणूंमध्ये थोडंफार आकर्षणच असतं. फक्त पाण्याच्या रेणूंना एकमेकांची ओढ त्याहून कितीतरी जास्त. हायड्रोजन बंधांनी ते आपसात सतत जोडले जात असतात. मध्ये तेलाचा रेणू आला की त्याच्याशी असा बंध जुळत नाही, म्हणून त्याच्याभोवतीच्या पाण्याला मोजक्याच पद्धतींनी रचून राहावं लागतं, त्याची मोकळीक कमी होते. हे टाळायचं तर तेलाच्या सगळ्या रेणूंना एकत्र ढकलून त्यांचा पाण्याला लागणारा पृष्ठभाग कमीत कमी करायचा. तेलाचे थेंब एकत्र येतात ते असे. पाण्याने वाळीत टाकल्यामुळे ते एकत्र असतात, एकमेकांच्या प्रेमाने नव्हे.

तुपातला बहुतेक सगळा भाग, शंभरात सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव, ट्रायग्लिसराइडांचा. रचना सोपी आहे. ग्लिसरॉल हा तीन कार्बनांचा छोटा रेणू, त्याच्या प्रत्येक कार्बनवर एक हायड्रॉक्सिल गट. त्या तीन जागांवर तीन मेदाम्लं एस्टर बंधाने जोडलेली. प्रत्येक जोडणीत पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. मेदाम्ल म्हणजे एका टोकाला कार्बोक्सिल गट आणि मागे कार्बन-हायड्रोजनची लांब शेपटी. सुटं असताना मेदाम्लाचं डोकं पाण्याशी जुळवून घेतं. ग्लिसरॉलला जोडलं गेलं की तीही सोय संपते. चरबी म्हणजे ग्लिसरॉल आणि मेदाम्लं हे पहिल्यांदा उलगडलं फ्रान्सच्या मिशेल शेव्रलने. साबण आणि चरबीवर दशकभर काम करून त्याने १८२३ साली ते एकत्र मांडलं, आणि लोण्यातून ब्युटिरिक आम्ल वेगळं काढून दाखवलं ते त्यानेच. हा गृहस्थ १०२ वर्षं जगला. स्निग्ध पदार्थांच्या विरोधकांनी याची नोंद घ्यावी असं काही मी म्हणत नाही.

ब्युटिरिक आम्लाची शेपटी फार आखूड, सगळे मिळून चार कार्बन. तुपात वजनाने ते शेकडा तीन-चारच भरतं, पण रेणू हलका असल्यामुळे मोजणीत ते पुष्कळ होतात: साधारण दर तीन ट्रायग्लिसराइडांपैकी एकात ते सापडतं. तुपाची ओळख पटवायला रसायनशास्त्रज्ञ याच आखूड आम्लांना धरतात. पाच ग्रॅम तूप घेऊन त्यातली मेदाम्लं सुटी करायची, वाफेबरोबर उडणारी आणि पाण्यात विरघळणारी तेवढी गोळा करायची, आणि ती उदासीन करायला ठरावीक तीव्रतेचा अल्कली किती मिलिलिटर लागतो ते बघायचं. हा रायशर्ट-माइस्ल आकडा. चांगल्या तुपाचा २८ च्या आसपास किंवा वर. खोबरेलाचा सहा ते आठ. बाकीच्या बहुतेक तेलांचा एकसुद्धा नाही. यात एक गंमत आहे. सरकी खाणाऱ्या जनावरांच्या तुपात हा आकडा आपोआप खाली येतो. म्हणून आपल्याकडच्या जुन्या नियमांत महाराष्ट्र-गुजरातच्या कापूसपट्ट्यासाठी वेगळी, खालची मर्यादा ठेवावी लागली होती. नाहीतर तिथला प्रामाणिक गवळीही भेसळखोर ठरला असता.

लांब शेपट्यांचं गणित वेगळं. १८ कार्बनांचं स्टिअरिक आम्ल सरळ असतं, एकही दुहेरी बंध नाही, म्हणजेच ते संपृक्त. सरळ फाट्यांची मोळी घट्ट बसते तसे हे रेणू एकमेकांना चिकटून बसतात, आणि त्यांना सुटं करायला ६९-७० अंश तापमान लागतं. त्याच १८ कार्बनांत मधोमध एक दुहेरी बंध आला की ओलेइक आम्ल होतं. बंधापाशी शेपटी वाकते, मोळी नीट बसत नाही, आणि वितळणबिंदू थेट १३ अंशांवर येतो. दोन दुहेरी बंधांचं लिनोलेइक आम्ल उणे पाच अंशांनाही पातळ. शेंगतेल बाटलीत वाहतं आणि चरबी थिजते, त्यामागे एवढंच कारण आहे. खोबरेल मात्र यात घोटाळा करतं. त्यातली नव्वद टक्के आम्लं संपृक्त, पण शेपट्या आखूड, मुख्यतः १२ कार्बनांच्या लॉरिक आम्लाच्या. म्हणून ते चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली थिजतं आणि त्याच्या वर लगेच सुटतं. याउलट कोकमाच्या बियांचं तेल. त्याच्या बहुतेक रेणूंत दोन्ही बाजूंना स्टिअरिक आणि मध्ये ओलेइक अशी एकसारखी मांडणी, त्यामुळे कोकणातल्या दमट उन्हाळ्यातही त्याचा गोळा गोळाच राहतो, आणि भेगाळलेल्या टाचेवर घासला की अंगाच्या उबेने सुटतो.

दुहेरी बंधाजवळची वाकण नैसर्गिक तेलांत जवळजवळ नेहमी एकाच पद्धतीची असते, सिस. निकेलच्या साहाय्याने तेलात हायड्रोजन सोडून त्याला घट्ट करताना काही बंध भरले जातात, पण काही नुसतेच उलटून ट्रान्स होतात आणि शेपटी पुन्हा सरळ होते. ओलेइक आम्लाचं हे ट्रान्स भावंड, इलायडिक आम्ल, अणू तेच, संख्या तीच, पण वितळतं सुमारे ४५ अंशांना. अशा घट्ट केलेल्या तेलाचा, म्हणजे वनस्पती तुपाचा, रवाळपणा बऱ्याच अंशी या ट्रान्स आम्लांच्या जीवावर होता. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवणं आणि चांगलं कमी करणं ही दोन्ही कामं ती एकदम करतात. आपल्याकडे तेला-तुपांतल्या ट्रान्स मेदाम्लांची मर्यादा २०२१ मध्ये तीन टक्के झाली, २०२२ पासून दोन. उशीर झाला, पण झालं.

रव्याचा विषय निघालाच आहे तर खऱ्या तुपाचाही सांगायला हवा. तुपात शेकडो प्रकारची ट्रायग्लिसराइडं असतात आणि ती एकाच तापमानाला गोठत नाहीत. तूप सावकाश थंड होत तिशीच्या जवळ आलं की जास्त वितळणबिंदूची आधी स्फटिक धरतात, बाकीची पातळच राहतात. या टप्प्यात भांडं हलवलं नाही, वेळ दिला, तर मोजके स्फटिक मोठे होतात: हाच रवा. गरम बरणी फ्रिजमध्ये ढकलली की असंख्य बारीक स्फटिक एकदम तयार होतात आणि तूप मेणचट, गुळगुळीत होतं. ते बिघडलेलं नसतं. पुन्हा पूर्ण पातळ करून ओट्यावर रात्रभर ठेवलं की रवा धरतो.

दुधात हीच चरबी तरंगत का असते, गोळा का होत नाही? गाईच्या दुधातली स्निग्धगोलिका सरासरी तीन-चार मायक्रॉनची. कासेतल्या पेशीतून बाहेर पडताना ती पेशीचंच पटल अंगाभोवती गुंडाळून येते. या आवरणात फॉस्फोलिपिडं असतात. ट्रायग्लिसराइडची दोन मेदाम्लं तशीच ठेवून तिसऱ्याच्या जागी फॉस्फेट आणि त्याला कोलीनसारखा एखादा विद्युतभारित गट लावला की फॉस्फोलिपिड. आता रेणूला दोन बाजू आल्या: डोकं पाण्याचं, शेपट्या पाण्याला नकोशा. असा रेणू तेल आणि पाण्याच्या सीमेवरच उभा राहतो, दुसरीकडे त्याला जागाच नाही. ताक घुसळणं म्हणजे हे आवरण फोडणं. रवीच्या माराने आवरण फाटतं, आतली चरबी बाहेर येते आणि गोलिका एकमेकींना चिकटतात. पण त्यासाठी आतली चरबी अर्धी घट्ट, अर्धी पातळ हवी. म्हणून उन्हाळ्यात बर्फाचं पाणी आणि थंडीत कोमट. फार गरम असेल तर चरबी तेलासारखी पसरते, लोणी लिबलिबीत होतं आणि बरंचसं ताकात राहून जातं; फार गार असेल तर गोलिका कडक राहतात, कितीही घुसळा, चिकटत नाहीत. फाटलेल्या आवरणातली फॉस्फोलिपिडं पाण्याबरोबर, म्हणजे ताकात जातात. आणि पिशवीतल्या दुधावर साय का येत नाही अशी तक्रार असेल तर पिशवीवर ‘होमोजिनाइज्ड’ छापलंय का ते बघावं. त्यात दाबाखाली गोलिका फोडून एक-दोन मायक्रॉनच्याही खाली आणलेल्या असतात. इतक्या बारीक गोलिका वर चढत नाहीत.

लोणी जास्त दिवस साठवलं की जो कुबट वास येतो तो ब्युटिरिक आम्लाचा. ग्लिसरॉलला बांधलेलं असताना त्याला वास नसतो. लोण्यातल्या पाण्यात जगणारे जीवाणू आणि बुरशी लायपेज या विकराने त्याला सोडवतात. हा एक खवटपणा. तेलाचा खवटपणा निराळा, तो हवेतल्या ऑक्सिजनचा. दोन दुहेरी बंधांच्या मधला कार्बन सगळ्यात दुबळा. तिथला हायड्रोजन निघाला की साखळी अभिक्रिया सुरू होते, पेरॉक्साइडं बनतात, आणि ती तुटून वास मारणारी अल्डिहाइडं तयार होतात. म्हणून लिनोलेइक आम्ल ओलेइकपेक्षा दहापट तरी वेगाने खवटतं, आणि तीन बंधांचं जवसाचं तेल त्याहूनही वेगाने. तळणीसाठी ते अजिबात नको. तांबं आणि लोखंड या अभिक्रियेला चालना देतात: कल्हई उडालेल्या पितळी डब्यात तूप ठेवू नये असं म्हणतात त्यामागे हे आहे.

वर्गीकरणाचं बघायला गेलं तर शाळा-कॉलेजात साधी, संयुक्त आणि साधित असे तीन कप्पे शिकवतात. साध्यात तेल-तूप आणि मेणं. संयुक्तात फॉस्फोलिपिडं, ग्लायकोलिपिडं. साधितात मेदाम्लं, स्टेरॉइडं वगैरे. परीक्षेला पुरतं. पण कोलेस्टेरॉल कशापासून ‘साधलं’ हे विचारलं की पंचाईत होते, कारण ते तेला-तुपाच्या विघटनातून निघतच नाही. पेशी ते पाच कार्बनांच्या आयसोप्रीन तुकड्यांपासून बांधते, आणि गाजरातलं कॅरोटीनही त्याच तुकड्यांचं. २००५ पासून संशोधक आठ गटांची पद्धत वापरतात, ती रेणू कोणत्या तुकड्यांपासून बांधला गेला यावर आधारलेली आहे. मला ती जास्त पटते. कॅरोटीनचंच बघा: गाय खाल्लेल्या कॅरोटीनचा काही भाग तसाच दुधात सोडते, म्हैस जवळजवळ सगळ्याचं रंगहीन ‘अ’ जीवनसत्त्व करून टाकते. गाईचं तूप पिवळं आणि म्हशीचं पांढरं दिसतं ते त्यामुळे.

फॉस्फोलिपिड पाण्यात सोडलं की ते आपोआप दुपदरी पडदा करतं: डोकी दोन्हीकडच्या पाण्याकडे, शेपट्या आत एकमेकींकडे. नेदरलँड्समधल्या लायडेनमध्ये गोर्टर आणि ग्रेंडेल यांनी १९२५ साली रक्तातल्या तांबड्या पेशींतली लिपिडं काढून पाण्यावर एकपदरी पसरवली, तर ती पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापत होती. म्हणजे पडदा दुपदरी. पुढे कळलं की त्यांनी वापरलेल्या ॲसिटोन या द्रावकाने लिपिडं पूर्ण निघालीच नव्हती, आणि पेशीचा पृष्ठभागही त्यांनी कमी धरला होता; दोन चुकांनी एकमेकींना खाल्लं आणि उत्तर बरोबर आलं. हा पडदा जेमतेम पाच नॅनोमीटर जाडीचा. आतला तेलकट थर सोडियम, पोटॅशियम असल्या भारित कणांना ओलांडता येत नाही, म्हणून त्यांना प्रथिनांचे दरवाजे लागतात, आणि दरवाजे आले की पेशीला काय आत घ्यायचं ते ठरवता येतं. पडदा किती वाहता ठेवायचा हे शेपट्यांवर ठरतं. थंड पाण्यातल्या माशांच्या पडद्यांत असंपृक्त शेपट्या जास्त असतात ते त्यामुळेच. कोलेस्टेरॉल मध्ये घुसून दोन्ही टोकं आवरतं: उष्णतेत पडदा सैल पडू देत नाही, थंडीत गोठू देत नाही.

एका ठिकाणी मात्र सरळ शेपट्यांचाच उपयोग आहे. फुप्फुसातल्या वायुकोशांना आतून पाण्याचा पातळ थर असतो, आणि पाण्याचा पृष्ठताण त्यांना मिटवायला बघतो. त्यावर एका फॉस्फोलिपिडाचा थर पसरलेला असतो, दोन्ही शेपट्या १६ कार्बनांच्या, संपृक्त. श्वास सोडताना कोश आकसला की हे रेणू घट्ट दाटतात, पृष्ठताण जवळजवळ शून्यावर येतो आणि कोश मिटत नाही. गर्भात हे द्रव्य पुरेसं साठतं साधारण ३४-३५ व्या आठवड्यापर्यंत. त्याआधी जन्मलेल्या बाळाला प्रत्येक श्वासाला कोश नव्याने उघडावे लागतात आणि ते थकतं. जपानमध्ये तेत्सुरो फुजिवारा यांनी १९८० साली अशा बाळांच्या श्वासनळीत गुरांच्या फुप्फुसातून तयार केलेलं हे द्रव्य सोडून त्यांना वाचवता येतं हे दाखवलं. आज नवजात अतिदक्षता विभागांत ते कुपीतून मिळतं. मुदतपूर्व प्रसूतीची शक्यता दिसली तर आईला आधीच डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देतात, बाळाच्या फुप्फुसांची तयारी लवकर व्हावी म्हणून. तेही स्टेरॉइड, म्हणजे लिपिडच.

साठवणुकीचं काम सगळ्यांना ठाऊक आहे: ग्रॅमला नऊ कॅलरी, साखरेच्या दुपटीहून जास्त. खरी बचत पाण्याची आहे. ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातली साखरेची साठवण, साठवलं की त्याच्या तिप्पट-चौपट पाणी बरोबर वागवावं लागतं. चरबी कोरडी बसते. पचनाच्या वेळी मात्र पाणी आडवं येतं. पित्तरसातले क्षार तेलाचे बारीक थेंब करतात, स्वादुपिंडाचं लायपेज कडेची दोन आम्लं कापतं आणि मधलं ठेवतं. लांब आम्लं आतड्याच्या पेशीत पुन्हा जोडली जाऊन लसिकावाहिन्यांतून फिरून रक्तात येतात, ब्युटिरिकसारखी आखूड थेट यकृताकडे जातात. आपल्या शरीराला नवव्या कार्बनच्या पुढे दुहेरी बंध घालता येत नाही, म्हणून लिनोलेइक आणि लिनोलेनिक आम्लं खावीच लागतात. करडईच्या तेलात पहिलं भरपूर, जवसात दुसरं. जवस अख्खे गिळले तर बरेचसे तसेच बाहेर पडतात. चटणीत कुटतात ते बरोबरच आहे. लिनोलेइकपासून २० कार्बनांचं ॲराकिडोनिक आम्ल बनतं, ते पडद्यात वाट बघत असतं, आणि इजा झाली की सुटून प्रोस्टाग्लँडिनं तयार करतं: दुखणं, सूज, ताप. ॲस्पिरिन यातल्या विकराला अडवतं हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवलं.

आता पुन्हा तूप, कारण या सगळ्या वर्गीकरणाचा बाजारातला उपयोग तिथे दिसतो. वनस्पती तुपात पाच टक्के तिळाचं तेल घालणं आपल्याकडे सक्तीचं केलं गेलं, भेसळ पकडता यावी म्हणून. संशयित तुपात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फुरफुरालचे थेंब टाकून हलवलं की तिळातल्या सेसमोलिनमुळे गुलाबी-लाल रंग येतो. भेसळवाला पामतेलाकडे वळला आणि ही चाचणी निरुपयोगी झाली. मेदाम्लांचं प्रमाण तो दोन-तीन तेलं मिसळून बऱ्यापैकी जुळवतो, रायशर्ट-माइस्ल आकडाही ट्रायब्युटिरिन (तिन्ही जागांवर ब्युटिरिक आम्ल असलेलं ट्रायग्लिसराइड) घालून वर नेता येतो. फसतो तो स्टेरॉलमध्ये, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या कुटुंबातल्या रेणूंमध्ये. शंभर ग्रॅम तुपात कोलेस्टेरॉल जेमतेम पाव ते तीन दशांश ग्रॅम. वनस्पतींत त्याच्या जागी मुख्यतः बीटा-सिटोस्टेरॉल असतं, बाजूच्या साखळीत फक्त दोन कार्बन जास्त. मिश्रणातले घटक सुटे करणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफ या यंत्राच्या आलेखावर दोघांची शिखरं वेगळी उमटतात, आणि शुद्ध तुपात सिटोस्टेरॉलचं शिखर दिसायला नको. जनावराची चरबी मिसळली असेल तर मात्र हा उपाय चालत नाही, कारण तिच्यातही कोलेस्टेरॉलच. तिथे अख्खी ट्रायग्लिसराइडं कार्बनसंख्येनुसार वेगळी करून त्यांचं प्रमाण तपासतात. त्यासाठी गाईचं आहे की म्हशीचं आणि जनावर काय खात होतं, हेसुद्धा विचारात घ्यावं लागतं, नाहीतर सरकीवाल्या कापूसपट्ट्याची जुनी अडचण नव्या यंत्रावर पुन्हा उभी राहते.